चौदा महिन्यांची घडी

व्हर्ना ट्रुइटच्या आईनं जाताना लेकीला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, नवऱ्याला, एलवुडला, बाटलीपासून लांब ठेव. दोन, पेटीतल्या गोधड्यांची घडी मोडत जा. पहिली गोष्ट व्हर्नाच्या हातातली नव्हतीच, एलवुड सहा वर्षांपूर्वी बाटलीसकट गेला. दुसरी मात्र तिनं एकतीस वर्षं पाळली. मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. देवदाराच्या पेटीतून सातही गोधड्या बाहेर काढायच्या, पलंगावर पसरायच्या, हातानं सपाट करायच्या आणि जुनी मोड टाळून, कोपऱ्याकडून तिरक्या धरून नव्यानं घडी घालायची. "कापड वापरून मरत नाही," आई म्हणायची, "कापड घडीवर मरतं."

आता गोधडीचं हे शहाणपण आकाशात कशाला लागतंय, असं कुणीही म्हणेल. विलेट कंपनीतल्या शिकलेल्या लोकांनीही तेच म्हटलं. म्हणून तर ही गोष्ट सांगायची वेळ आली.

विलेट कंपनी कापडाची घरं बनवायची. रॉकेटात मावेल एवढं गाठोडं करून वर पाठवायचं आणि वर गेल्यावर आत हवा भरून फुगवायचं. आमच्याकडे डेलावेअरच्या या सपाट मुलखात कोंबड्या, सोयाबीन आणि शिवणकाम एवढंच पिकतं. बाया तीन-तीन पिढ्या कारखान्यांत शिवत आल्यात, तेव्हा कंपनी इथं आली यात नवल नव्हतं. पहिलं घर सहा बायांनी शिवलं. फुगवल्यावर ते भोपळ्यासारखं दिसायचं, म्हणून बाया त्याला भोपळाच म्हणायच्या. इंजिनियर लोकांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण ते शिवणखात्यात कुणी उच्चारलं नाही.

काम सोपं नव्हतं. प्रत्येकीच्या टाचण्यांच्या डोक्यांचा रंग वेगळा, सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून द्यायच्या. एक टाचणी कमी भरली तर सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. व्हर्नाच्या टाचण्या हिरव्या. प्रत्येक शिवणीच्या टोकाला शिवणारीच्या नंबराची इवलीशी पट्टी. व्हर्नाचा नंबर चार. भोपळ्याच्या सगळ्यात आतल्या थराची, म्हणजे ज्यानं हवा अडवायची त्या दुधी रंगाच्या रबरी कापडाची सर्वांत लांब शिवण चार नंबरची होती. तपासणीस भिंगातून एकेक टाका बघायचा. व्हर्नाच्या शिवणीपाशी तो भिंग भराभर पुढं सरकवायचा, कारण तिथं काही सापडणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

आणि आता तो तुकडा. कारखान्यातून चिंधीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा नियम भिंतीवर लाल अक्षरात होता. पण शिवणारी बाई आणि चिंधी यांच्यामधे कुठला नियम टिकलाय? व्हर्ना सदतीस वर्षं शिवत होती. बायकांची पोटं आवळणारे पट्टे, मग पॅराशूट, मग समुद्रात बुडणाऱ्यांसाठी तराफे, मग अंतराळवीरांचे हातमोजे. प्रत्येक कामातला तळहाताएवढा तुकडा तिनं जपून ठेवला होता. त्या सगळ्यांची मिळून एक गोधडी ती करत होती, आपल्या जन्माची. तिची नणंद नेडीन शेजारच्याच मशीनवर बसायची, तिच्याकडेही असाच साठा होता. बाकीच्या चौघींकडेही असणार. बोलायचं मात्र कुणी नाही.

भोपळ्याची शेवटची शिवण झाली त्या दिवशी कापलेल्या काठाचा एक तुकडा व्हर्नाच्या जेवणाच्या डब्यात गेला आणि त्याला लागून असलेला नेडीनच्या.

मार्चमधे भोपळ्याची घडी घातली. व्हर्ना तिथंच होती. इंजिनियरांनी यंत्र लावून सरळ, चौकोनी, दाबून घडी घातली आणि पेटाऱ्यात भरली. जूनमधे रॉकेट उडणार होतं. घरी येऊन व्हर्नानं आपल्या तुकड्याचीही गंमत म्हणून तशीच चौपदरी घडी घातली, पाकिटात ठेवली आणि पाकीट देवदाराच्या पेटीच्या तळाशी टाकलं. वर सात गोधड्या. मग ती ते विसरून गेली.

रॉकेट जूनमधे उडालं नाही. सप्टेंबरमधेही नाही. रॉकेटवाल्यांचं काहीतरी बिनसलं होतं. भोपळा गोदामात बसून राहिला. ऑक्टोबरमधे मात्र व्हर्नाला राहवेना. ती कॉर्बिन हेलकडे गेली. कॉर्बिन घडीच्या कामाचा मुख्य, चौतिशीचा, वागायला गोड, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे थोरल्या बायांना मानानं 'मिस' म्हणणारा.

"कॉर्बिन, तो भोपळा बाहेर काढ आणि त्याची घडी बदल," ती म्हणाली. "सात महिने झाले एकाच मोडीवर."

कॉर्बिन हसला. "मिस व्हर्ना, ती काय गोधडी आहे का?"

"नाही ना. गोधडी विरली तर पाय गार पडतात. हे विरलं तर आतला माणूस मरेल."

"पहिल्या खेपेला आत कुणी राहणारच नाहीये. ही चाचणी आहे."

"कापडाची चाचणी का नशिबाची?"

त्यानं खुर्ची पुढं ओढली. उघडलं की सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, चार महिने जाणार, रॉकेटवरची जागा जाणार, पुढची जागा दोन वर्षांनी, असं सगळं त्यानं नीट समजावलं. "आणि तुमच्याकडे आकडे आहेत का काही? मला वर आकडे दाखवावे लागतात."

"माझ्याकडे आई होती," व्हर्ना म्हणाली.

तो पुन्हा हसला, पण वाईट हसला नाही. व्हर्ना उठून मशीनवर गेली. सांगणं आपलं काम, ऐकणं त्याचं, असं तिनं मनाला बजावलं, आणि ते तिच्या मनाला अजिबात पटलं नाही.

पुढच्या मे महिन्यात, एका शनिवारी सकाळी, तराफ्याचा केशरी तुकडा गोधडीला जोडून झाल्यावर तिला पाकिटाची आठवण झाली. भोपळ्याचा तुकडा आता लावायला हरकत नव्हती. तिनं पेटी उपसली, पाकीट काढलं, तुकडा उलगडला. मोडीवर पांढरी रेघ उमटली होती. तिनं तो खिडकीशी धरला. दोन मोडी जिथं एकमेकींना छेदत होत्या तिथं उजेडाचे बारीक ठिपके दिसले. सात होते. तिनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सातच.

खोटं कशाला सांगायचं, आधी तिला आनंदच झाला. आईचं खरं ठरलं होतं. मग तिच्या लक्षात आलं, याच कापडाचा भोपळा चौदा महिने याच घडीत पडून होता आणि उड्डाण पाच आठवड्यांवर आलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं तुकडा नेडीनला दाखवला. नेडीननं आधी दाराकडं बघितलं.

"जाळून टाक तो," ती म्हणाली.

"अगं, बघ तरी. ठिपके बघ."

"बघितले. आणि ते काय बघणार, ठाऊक आहे? तुकडा कुठून आला ते बघणार. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस, व्हर्ना."

"वर जाऊन गळायला लागला तर?"

"गळू दे. आत कुणी नाहीये म्हणाला ना तो?"

"आत माझी शिवण आहे," व्हर्ना म्हणाली.

नेडीननं डब्याचं झाकण लावलं. "तुझं असलंच असतं. आमचा एलवुड म्हणायचा, हिला सुतळीचं टोक सुटलेलं दिसलं तर ही जेवणावरून उठेल."

"एलवुड जेवणावरून कधी उठला नाही, आडवाच व्हायचा," व्हर्ना म्हणाली, आणि दोघी हसल्या. तेवढंच हसणं झालं. त्यानंतर त्या दोघी एकमेकींसमोर बरेच दिवस हसल्या नाहीत.

कॉर्बिननं तुकडा खिडकीशी धरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं, हे व्हर्नानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आणि नंतर कुणी काहीही म्हणो, ते पाहिलेलं तिच्या डोळ्यांतून जाईना.

"किती दिवस होता घडीत?"

"भोपळा आहे तितकेच. त्याच दिवशी घातली घडी, तशीच."

"मिस व्हर्ना, हा तुमच्याकडे कसा आला?"

"आणला मी घरी. माझं काय करायचं ते कर, पण आधी पेटारा उघड."

"मी वर बोलतो," तो म्हणाला आणि तुकडा एका पारदर्शक पिशवीत घालून त्यानं पिशवीवर तारीख लिहिली.

दोन दिवसांनी तिला वर बोलावलं. ती चांगला निळा ब्लाउज घालून गेली, कारण तिला वाटलं घडीबद्दल विचारतील. खोलीत कॉर्बिन नव्हता. कर्मचारी विभागाची एक तरुण बाई होती आणि दाराशी पहारेकरी. त्या पहारेकऱ्याच्या बायकोचा लग्नातला झगा व्हर्नानंच मापात बसवून दिला होता. तो जमिनीकडं बघत उभा होता.

बाईनं मोडीचा शब्दही काढला नाही. हे कापड सरकारी बंधनाखालचं आहे, ते बाहेर नेणं म्हणजे चोरी, हे तुम्हाला ठाऊक होतं का, असं तिनं विचारलं.

"होतं," व्हर्ना म्हणाली. "पण त्या तुकड्याला भोकं पडलीत, ते बघितलं का कुणी?"

"तो विषय तांत्रिक आहे, मॅम."

"मग तांत्रिक माणसाला बोलवा."

बाईनं एक कागद पुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं की व्हर्ना ट्रुइट यांनी कापड डब्यात घालून नेताना मी पाहिलं, आणि शिवणखात्यात असं दुसरं कुणी केल्याचं मला माहीत नाही. खाली सही नेडीनची. नेडीनची सही व्हर्नानं झोपेतही ओळखली असती. तीस वर्षांच्या वाढदिवसांच्या कार्डांवर ती होती.

व्हर्नाला एवढंच म्हणायचं होतं की माझ्या तुकड्याला लागून असलेला तुकडा हिच्या घरी आहे, जाऊन बघा. जिभेवर आलं होतं. पण नेडीनच्या नवऱ्याचं, रेमंडचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा कंपनीच्या विम्यावर चालत होतं. व्हर्नानं ते गिळलं. नणंदेनं केसानं गळा कापला तो कापला, आपण कशाला सुरी उचलायची.

खाली येऊन तिनं आपली टाचण्यांची डबी दिली. चाळीस हिरव्या टाचण्या, पहारेकऱ्यानं मोजल्या. भरल्या. मग तो तिला गाडीपर्यंत सोडायला आला. शिवणखात्यात पाच मशीनं चालू होती आणि एकीनंही मान वर केली नाही. सदतीस वर्षं शिवल्यावर बाई निघाली ती अशी, चोरासारखी.

पेटारा उघडला नाही. रॉकेट जूनच्या शेवटी उडालं.

जुलैत एका शनिवारी दुपारी भोपळा फुगवणार होते. गावातल्या अग्निशमन दलाच्या हॉलमधे मोठा पडदा लावला होता आणि त्याच दिवशी दलाच्या मदतीसाठी कोंबडी आणि तिच्या रश्श्यात शिजवलेल्या कणकेच्या घसरड्या डम्प्लिंगचं जेवण होतं. व्हर्ना दरवर्षी तिथं वाढायची. यंदा जाऊ नये असं तिला वाटत होतं, तरी ती गेली. घरी बसली असती तर लोक म्हणाले असते, तोंड लपवून बसली.

हातात पळी घेऊन ती उभी होती तेव्हा पडद्यावर ते गाठोडं हळूहळू सैल झालं. एक बाजू आधी फुगली, मग दुसरी. काळ्या आकाशावर पांढराशुभ्र भोपळा, मागे निळी पृथ्वी. हॉलमधे टाळ्या पडल्या. व्हर्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या क्षणी तिला कशाचाही राग नव्हता. आपण चुकलो असू तर बरं, घडीनं काही केलेलं नसू दे, असंच तिला वाटत होतं. पलीकडच्या टेबलावर नेडीन बसली होती. तीही रडत होती. दोघींची नजर एकदा भेटली आणि व्हर्नानं पुढच्या माणसाच्या ताटात डम्प्लिंग वाढलं.

एकोणिसाव्या दिवशी हवा गळायला लागली. आधी थोडी, मग रोज जास्त. महिन्याभरात भोपळा कुणाच्या कामाचा राहिला नाही.

सप्टेंबरमधे कंपनीनं सांगितलं ते आमच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आलं. आतल्या थराच्या चार नंबरच्या शिवणीत हाताची चूक आढळते, संबंधित कामगाराला नियम मोडल्याबद्दल आधीच कामावरून कमी केलं आहे, कापड आणि आराखडा यांत कुठलाही दोष नाही. नाव छापलं नव्हतं. छापायची गरजही नव्हती, चार नंबर कोण हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथं संन्याशाच्या गळ्यात आधीच चोरीची पाटी अडकवून ठेवलेली होती, म्हणजे कुणाला शंकाही येऊ नये.

व्हर्नानं कंपनीला पत्र लिहिलं. माझ्याकडून घेतलेला तुकडा दाखवा, त्याच्या मोडी बघा, शिवण नाही मोड फाटलीय. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. अशा वस्तूची नोंद आमच्याकडे नाही.

ऑक्टोबरात चर्चच्या गोधड्यांची स्पर्धा असते. एकोणीस वर्षं तिथं टाके तपासायला व्हर्ना बसत होती. तिनं गोधडी उलटी करून पाठ बघितली की भल्याभल्या बाया श्वास रोखायच्या. यंदा पाद्रीबाईंचा फोन आला. "व्हर्ना, तू दमली असशील गं या सगळ्यानं. यंदा जरा आराम कर."

"मी दमलेले नाहीये."

"नाही, तरी पण," पाद्रीबाई म्हणाल्या.

व्हर्नानं फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहिली. नोकरी गेली त्याचं तिला एवढं लागलं नव्हतं. नोकऱ्या जातात. पण तिच्या टाक्यावर कुणी बोट ठेवेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिच्याकडं दुसरं होतं काय? मूल झालं नाही, नवरा तसला निघाला, घर भाड्याचं. टाका तेवढा तिचा होता.

त्याच आठवड्यात कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात कॉर्बिन भेटला. तो वळून जायला लागला, पण त्याच्या हातात वीस किलोचं पोतं होतं आणि वाट अरुंद होती.

"कॉर्बिन," ती म्हणाली, "पिशवीवर तारीख तूच लिहिली होतीस."

त्यानं पोतं खाली ठेवलं. "मिस व्हर्ना, मी वर सांगितलं होतं. शपथ घेऊन सांगतो. ते म्हणाले, आत्ता उघडलं तर कंपनीच बुडेल."

"आणि आता? आता तर गळून झालं. आता सांग ना."

"कापड वाईट म्हटलं तर पुढचं घर कोणी घेणार नाही. शिवण वाईट म्हटलं तर शिवण सुधारता येते." त्यानं पोतं पुन्हा उचललं. "माझी दोन लहान मुलं आहेत हो."

"मुलं आहेत म्हणून खरं बोलता येत नाही, हे मला माहीत नव्हतं. मला झाली नाहीत ना," व्हर्ना म्हणाली आणि तिनं त्याला वाट दिली.

पण खरा घाव यानंतर बसला आणि तो तिनं कुणाला सांगितला नाही. खोटं शंभरदा ऐकलं की ते आपल्याच आवाजात ऐकू यायला लागतं. ती शिवण शिवताना मधेच एकदा दोरा संपला होता. बॉबिन बदलून तिनं पुन्हा सुरुवात केली होती. मागं तीन टाके घेऊन सुरुवात केली होती, नेहमी घ्यायची तशी. घेतली होती ना? तीन का दोन? तिला आठवेना. सकाळी चहाला आधण ठेवताना ती बोटं हवेत हलवून बघायची, हातांना तरी आठवतंय का. हात तीनच टाके घ्यायचे. पण हात काय, नेहमीचं तेच करणार. त्या दिवशी काय केलं हे हातांना कोण विचारणार? तिनं डोळ्यांनी सात ठिपके मोजले होते, तरी आता तो तुकडा समोर नसल्यामुळं तेही आपल्याला भासले असतील असं तिला अधूनमधून वाटायला लागलं.

डिसेंबरचा पहिला रविवार. व्हर्नानं गोधड्या काढून पलंगावर पसरल्या होत्या आणि दारात नेडीन उभी राहिली. हातात एक लांब पुठ्ठ्याची नळी, नाताळच्या कागदाची असते तसली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा येत होती.

"आत येऊ का?"

"आलीच आहेस की."

नेडीन खुर्चीच्या काठावर बसली. कोट काढला नाही. "रेमंड गेल्या आठवड्यात पडला," ती म्हणाली.

"ऐकलं मी. बरा आहे?"

"आहे तसाच." मग बराच वेळ ती गोधड्यांकडं बघत राहिली. "दुसरा भोपळा शिवून झाला. त्याच्यात माणसं राहणार आहेत, दोघं. आणि ऐक, त्याची घडी दर तीन महिन्यांनी मोडायचा नियम निघालाय. कोपऱ्याकडून तिरकं धरून, जुनी मोड टाळून. आम्हालाच करायला लावतात."

व्हर्ना हातातली गोधडी सपाट करायची थांबली. "कुणी काढला नियम?"

"कागदावर कॉर्बिनचं नाव आहे."

"कारण काय लिहिलंय?"

"कारण लिहिलेलं नाही."

व्हर्ना पलंगावर बसली. त्यांना ठाऊक होतं तर. पूर्णपणे ठाऊक होतं. तिचं शहाणपण घेतलं, तिचा तुकडा घेतला, तिचा टाका मात्र चिखलात टाकला. तिला ओरडावंसं वाटलं, पण समोर नेडीनच होती, आणि नेडीनवर ओरडून काय होणार होतं.

"तिरकं धरताना मधे कुणी उचलून धरतं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग ओढ बसेल. मधे दोघींनी खालून हात द्यायचा. माणसं राहणार आहेत म्हणतेस ना."

नेडीननं मान हलवली आणि ती रडायला लागली. रडत रडतच तिनं नळी पुढं केली. "मी सही करायला नको होती. त्यांनी विम्याचा कागद समोर ठेवला होता, व्हर्ना, सहीच्या कागदाच्या शेजारी. बोलले काही नाहीत, नुसता ठेवला. पण हा घे. मी जाळला नाही. तुझ्या तुकड्याला लागूनच होता, त्याच कापडाचा. हा दाखव त्यांना. वर्तमानपत्रवाल्यांना दाखव. कुठून आला ते मी सांगेन, माझ्या तोंडानं. रेमंडचं काय व्हायचं ते होईल."

व्हर्नानं नळीत बोट घालून तुकडा बाहेर ओढला. दुधी रंगाचा, तळहाताएवढा, तोच. ती खिडकीशी गेली. डिसेंबरचं ऊन स्वच्छ होतं. तिनं तुकडा उजेडात धरला, फिरवला, उलटा केला, पुन्हा धरला.

तुकडा ठणठणीत होता. एक रेघ नाही, एक ठिपका नाही, काल कापल्यासारखा.

"तू याची घडी नाही घातलीस?" तिनं विचारलं.

"छे गं," नेडीन डोळे पुसत म्हणाली. "तूच तर शिकवलं होतंस मला, लग्न होऊन तू आमच्याकडे आलीस तेव्हा. लगेच लावायचा नसेल त्या तुकड्याची घडी घालायची नाही, नळीवर गुंडाळायचा. चांगला राहिलाय ना?"

"चांगला राहिलाय."

"मग? दाखवता येईल ना?"

व्हर्नानं तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "हा दाखवला तर ते म्हणतील, बघा, कापड किती उत्तम आहे. म्हणजे शिवणच वाईट होती."

नेडीनला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं कोटाची बटणं चाचपली, एक काढलं, पुन्हा लावलं. "मग आता घाल घडी," ती म्हणाली. "चौदा महिने ठेव. पडतील ना ठिपके?"

"भोपळा येत्या ऑक्टोबरात आकाशातून खाली सोडून देणार आहेत. समुद्रावर जळून जाईल तो, माझ्या शिवणीसकट. त्याच्यानंतर चार महिन्यांनी मी एक चिंधी घेऊन जाऊ कंपनीच्या दारात?"

नेडीननं कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

व्हर्नानं तरीही तुकडा उचलला. सरळ, चौकोनी, अंगठ्यानं दाबून दाबून तिनं त्याची चौपदरी घडी घातली, यंत्रानं घातली होती तशीच. पाकिटावर तारीख लिहिली. पाकीट देवदाराच्या पेटीच्या तळाशी ठेवलं आणि एकेक करून सातही गोधड्या नव्या मोडीवर घडी घालून त्यावर रचल्या. नेडीन उठून गोधड्यांची दुसरी टोकं धरायला लागली. नको असं व्हर्ना म्हणाली नाही.

झाकण लावून झाल्यावर नेडीननं विचारलं, "चौदा महिन्यांनी दाखवणार कुणाला मग?"

"मलाच," व्हर्ना म्हणाली. "घडी होती का माझा टाका होता, तेवढं मला कळायला पाहिजे."